वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे अपंगत्व आणि आपली नजर

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने, वृत्तपत्रे, चित्रपट, मालिका आणि मोबाइलवरील चित्रफिती अपंग व्यक्तींना कशा रीतीने दाखवतात आणि त्याचा समाजाच्या वागण्यावर काय परिणाम होतो, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर मर्यादा आणणारी अवस्था) आहे. यंदा ती दहावी उत्तीर्ण झाली, तेव्हा एका वृत्तपत्राचा वार्ताहर घरी येऊन गेला आणि ‘नियतीवर मात’ अशा मथळ्याची बातमी छापून आली. नातेवाइकांना फार आनंद झाला, मुलगी मात्र रुसली. परीक्षेचे केंद्र दुसऱ्या मजल्यावर होते आणि तिचे वडील तिला प्रत्येक पेपरला उचलून वर नेत होते, हे तिने वार्ताहराला मुद्दाम सांगितले होते. नेमके तेवढेच बातमीत आले नाही. घरातले सगळे तिला म्हणतात, एवढे कौतुक झाले तरी तुझी तक्रारच! आम्ही तिला काय सांगावे?
(एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, मुलीला काही सांगण्याआधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या, कारण या बातमीतली उणीव तिने अचूक ओळखली आहे. बातमीतून जिना गळला की वाचकासमोर उरते ते फक्त मुलीचे शरीर आणि तिची जिद्द. मग वाचणारा प्रत्येक जण मनाशी असा हिशेब मांडतो की, मनात आणले तर सगळे जमते. या हिशेबाची दुसरी बाजू फार क्रूर आहे. पुढच्या वर्षी तिच्यासारखीच एखादी मुलगी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचू शकली नाही, तिला उचलून नेणारे वडील नसले किंवा त्यांना त्या दिवशी कारखान्यातून सुटी मिळाली नाही, तर लोक म्हणतील की हिच्यात जिद्दच नव्हती. ज्याने दुसऱ्या मजल्यावर वर्ग दिला, त्याचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही.

खरे तर अशा परीक्षार्थींसाठी नियम स्पष्ट आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांची परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, गरज असल्यास लेखनिक मिळावा आणि प्रत्येक तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावा, असे अपेक्षित आहे. वार्ताहराने एवढे एक वाक्य लिहिले असते, तरी कोणत्या तरी केंद्रसंचालकाने पुढच्या परीक्षेत खालच्या मजल्यावरची खोली मोकळी ठेवली असती. बातमीचे खरे काम तेच होते.

ऑस्ट्रेलियातील पत्रकार स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत असत. अपंग माणसाचे साधे जगणेही इतरांना ‘प्रेरणा’ मिळावी म्हणून मांडण्याच्या सवयीवर त्यांनी २०१४ साली एका भाषणात कडक टीका केली होती. जिन्याकडे पाहून कितीही हसलात तरी त्याचा रॅम्प होत नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. आपल्या मुलीने त्यांचे नावही कदाचित ऐकले नसेल, पण ती त्याच मुद्द्यावर स्वतःच्या अनुभवाने येऊन पोहोचली आहे.

आपल्याकडच्या ‘साहित्य वाटपा’च्या छायाचित्रांतही हेच दिसते, म्हणून येथेच त्याचा उल्लेख करतो. तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे किंवा जयपूर फूट वाटण्याचा कार्यक्रम होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात मागे पाहुण्यांची रांग, पुढे सायकलीवर बसवलेला माणूस असतो. मथळ्यात पाहुण्यांची नावे असतात आणि सायकलीवरच्या माणसाचे नाव ओळीच्या शेवटीही नसते. ज्या व्यासपीठावर हा कार्यक्रम होतो, त्यावर तो माणूस स्वतः चढू शकतो का, हे पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वर्षानुवर्षे अशीच छायाचित्रे पाहिल्यावर सामान्य वाचकाच्या मनात अपंग माणसाची जागा पक्की होते : तो घेणारा, आणि आपण देणारे. पुढे तोच माणूस बँकेत कर्ज मागायला, घर भाड्याने विचारायला किंवा लग्नाचे स्थळ म्हणून येतो, तेव्हा समोरच्याला तो कर्ज फेडणारा, भाडे देणारा, संसार करणारा म्हणून दिसतच नाही.

कौतुक वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. मुलीला कोणता विषय आवडतो, तिने अभ्यास कसा केला, अकरावीला ती काय घेणार आहे, हे सगळे छापून यायलाच हवे होते. आपण एवढे करावे : मुलीने स्वतःच्या शब्दांत संपादकांना पत्र लिहावे, त्यात केंद्राचा मजला नमूद करावा. बारावीच्या परीक्षेच्या वेळी तळमजल्यावरील बैठकव्यवस्थेसाठी महाविद्यालयामार्फत पुणे विभागीय मंडळाकडे वेळेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. नातेवाइकांना सांगा की मुलगी कृतघ्न नाही. तिला तिच्यानंतर येणाऱ्या मुलींची काळजी आहे.

प्रश्न : माझे गणवेश शिलाईचे युनिट आहे. एका कर्णबधिर तरुणाने काम मागितले. त्याची शिलाई उत्तम आहे; पण आमचे सुपरवायझर आणि काही जुने कामगार कचरतात. असे लोक एक तर फार हळवे असतात किंवा पटकन संतापतात, असे त्यांचे म्हणणे. कोठून कळले असे विचारले, तर मालिका आणि चित्रपट यांखेरीज कोणाकडे उत्तर नाही. पडद्यावरच्या गोष्टींचा खरेच इतका परिणाम होतो का?
(एक उद्योजक, सोलापूर)

उत्तर : आपण आपल्या माणसांना ‘कोठून कळले’ हा प्रश्न विचारलात, यातच निम्मे उत्तर आहे. ज्या गोष्टीचा स्वतःला रोजचा अनुभव असतो, त्या बाबतीत पडद्यावरचे चित्र आपल्याला सहसा फसवू शकत नाही. पडद्यावरचा माग खोटा असला, तर सोलापूरचा विणकर तो लगेच ओळखेल. पण ज्या माणसांबरोबर आपण कधी काम केले नाही, जेवलो नाही, भांडलो नाही, त्यांच्याविषयीची रिकामी जागा पडदाच भरून काढतो आणि ते चित्र आपण अनुभवाइतकेच खरे मानू लागतो.

ही रिकामी जागा केवढी मोठी आहे, ते पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. त्या जनगणनेच्या वेळी १९९५ चा कायदा लागू होता आणि त्यातील अपंगत्वाच्या प्रकारांची यादी मोजकीच होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवली आणि तीत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्याने आलेले व्यंग अशा अनेक गोष्टी आल्या. एवढी माणसे आपल्या आसपास असूनही शाळेच्या बाकावर, यंत्रावर किंवा कार्यालयात शेजारी क्वचितच भेटतात, कारण त्यांना तेथपर्यंत येऊच दिले जात नाही. ती भेटत नाहीत म्हणून गैरसमज टिकतात, आणि गैरसमज टिकतात म्हणून त्यांना कामावर घेतले जात नाही.

हे चक्र कोठे तुटते, याचे उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात दिले होते आणि ते आजही अभ्यासकांना मोलाचे वाटते. दोन गटांतील माणसे बरोबरीच्या दर्जाने, एका समान कामासाठी, एकमेकांच्या सहकार्याने आणि वरिष्ठांच्या पाठिंब्याने एकत्र आली, तर पूर्वग्रह कमी होतात. आपल्या युनिटमध्ये या चारही गोष्टी घडवून आणणे शक्य आहे. मात्र त्या तरुणाला दयेपोटी ठेवले आहे असे भासू देऊ नका. इतरांना मिळतो तोच पीस रेट त्याला द्या आणि चूक झाली तर इतरांसारखेच सांगा.

पडद्याने पसरवलेला आणखी एक समज येथे दूर करतो. चित्रपटातील कर्णबधिर पात्र समोरच्याचे ओठ पाहून सगळे संभाषण समजून घेते. प्रत्यक्षात अनेक उच्चार ओठांवर सारखेच दिसतात, आणि बोलणाऱ्याने मान फिरवली की तेवढाही आधार जातो. म्हणून मापे आणि ऑर्डरचा बदल मोबाइलवर लिहून पाठवा, धोक्याच्या सूचनेसाठी भोंग्याबरोबर दिवा लावा, आणि सुपरवायझरना कामापुरत्या खुणा त्या तरुणाकडूनच शिकायला सांगा. शिकवणारा तो आणि शिकणारे ते, हे नाते कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर काम करील.

प्रश्न : आमच्या घरात वारीची परंपरा आहे. कुबडी मंथरा, लंगडा शकुनी, आंधळा धृतराष्ट्र, अशी पात्रे आमच्या पुराणकथांतच आहेत. आजच्या माध्यमांना दोष देताना या कथांचेही काय करायचे, असा प्रश्न माझा नातू विचारतो.
(एक वारकरी, माढा तालुका)

उत्तर : माउली, नातवाचा प्रश्न योग्य आहे. शरीरातील व्यंग म्हणजे मनातील कपटाची खूण, हे समीकरण फार जुने आहे आणि चित्रपटांनी ते आयतेच उचलले. एका डोळ्यावर पट्टी, गालावर व्रण किंवा काखेत कुबडी दिली की खलनायक तयार होतो, लेखकाला आणखी काही करावे लागत नाही. शकुनीचेच पाहा. मूळ कथेत त्याची ओळख फासे आणि कपट यांमुळे आहे; पण १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या महाभारत मालिकेत तो लंगडत आला, आणि आता शकुनी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे आधी ती चाल उभी राहते. रस्त्यात तशी चाल दिसल्यावर शाळकरी पोरे काय ओरडतात, हे ज्याला सोसावे लागते त्यालाच विचारावे.

तरीही या कथा टाकून द्याव्यात असे मला मुळीच वाटत नाही, कारण त्याच परंपरेत अष्टावक्रही आहे. त्याचे वाकडे अंग पाहून जनकाच्या सभेतले पंडित हसले, तेव्हा कातडीवरून पारख करणाऱ्यांना त्याने चांभार म्हटले. पंडितांचे ज्ञान जिथे अपुरे पडले, ते ठिकाण त्या कथेने नेमके दाखवले. पण तिच्या त्या उत्तरात एका जातीला मात्र कमी लेखले गेले, हेही नातवाला सांगायला हवे. कथा जपायच्या म्हणजे त्यांतले दोष झाकायचे, असा अर्थ होत नाही.

आणि आपल्या तालुक्यातच, लऊळला, कूर्मदास आहेत. कीर्तनकार ही कथा अशी सांगतात : हातपाय नसलेले पैठणचे कूर्मदास दिंडीबरोबर पोटावर सरपटत पंढरीला निघाले. कार्तिकी एकादशी उद्यावर आली, तेव्हा ते लऊळपर्यंतच पोहोचले होते. पुढे जाणे होईना, म्हणून त्यांनी वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला निरोप पाठवला आणि विठ्ठल ज्ञानदेव, नामदेवांसह, वाटेत अरणच्या सावता माळ्यांना भेटून, लऊळला आला. या कथेत कूर्मदास हातपाय मागत नाहीत. देवही त्यांना ‘बरे’ करीत नाही, की पंढरीला पोहोचला नाहीस म्हणून भक्तीत कमी धरीत नाही. अंतर देव तोडतो. आजच्या चित्रपटांत अपंग पात्रापुढे शेवटी बहुधा दोनच मार्ग असतात, एक तर चमत्काराने बरे होणे किंवा मरून जाणे. आणि आपल्या मातीतली ही कथा त्या दोन्हींपासून दूर आहे. नातवाला ती लऊळच्या मंदिरात नेऊन सांगा, आणि हेही सांगा की, रोजच्या व्यवहारात हे अंतर तोडण्याचे काम आता नगरपालिका, शाळा आणि एसटी महामंडळ यांचे आहे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. आम्हाला ‘सकारात्मक बातमी’ लिहायला सांगतात, आणि मग अपंग व्यक्तीची यशोगाथा हा सर्वांत सोपा विषय ठरतो. मग लिहायचे तरी कसे?
(सोलापूर)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटाविरुद्ध केलेल्या याचिकेवर निकाल देताना दृश्य माध्यमांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती मुळातून वाचावीत असा माझा आग्रह आहे. व्यक्तीची हेटाळणी करणारा विनोद आणि अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला. आजाराची वैद्यकीय माहिती नीट तपासावी, अडचणीबरोबर गुण आणि कर्तृत्वही दाखवावे, अंध माणूस सतत वस्तूंवर आदळतो असे हास्यास्पद चित्र रंगवू नये, तसेच त्याला काही अलौकिक शक्ती असते असेही भासवू नये, आणि हे सारे अपंग व्यक्तींना सोबत घेऊन करावे, असा त्या तत्त्वांचा रोख आहे. हीच दृष्टी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारनाम्याच्या आठव्या कलमात आहे आणि भारताने तो करारनामा २००७ साली मान्य केला आहे.

माझ्याकडून सांगायचे तर, यशोगाथा लिहा, पण यशाचा तपशील लिहा. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. खेळाच्या बातमीत हे अंतर, सराव, प्रतिस्पर्धी आणि शेवटची फेक हवी. त्यांच्या हाताच्या अपंगत्वाची कहाणीच पानभर आणि अंतर तळाशी एका ओळीत आले, तर ती खेळाची बातमी राहत नाही. भारताने पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकची २९ पदके मिळवली, ऑलिम्पिकमध्ये ६. वृत्तपत्रांनी या दोन स्पर्धांना किती जागा दिली, याची मोजणी हा आपल्या प्रकल्पाचा चांगला विषय होईल. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. या सेहेचाळीस वर्षांत आमच्या क्षेत्राने काय केले, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारतो.

मुलाखतीत उत्तर सोबतच्या आईला किंवा भावाला विचारू नका, त्या व्यक्तीलाच विचारा. तिला वेळ लागला तर थांबा. छायाचित्र वरून खाली पाहत काढू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपंग व्यक्तीकडे फक्त अपंगत्वाविषयी विचारायला जाऊ नका. शहराला काही दिवसांआड पाणी येते तेव्हा त्याची बातमी करताना, व्हीलचेअर वापरणाऱ्या गृहिणीचे मतही इतर गृहिणींच्या मतांबरोबर यायला हवे. अभिनयाच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि त्यामुळे प्रेक्षकांना अभिनयापलीकडचे एक खरे माणूस भेटले.

प्रश्न : मी पूर्ण अंध असून फोनवरील स्क्रीन रीडरच्या (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने आपले सदर ऐकतो. आमच्यावर चित्रपट निघतात, पण ते आम्हालाच कळत नाहीत. याला काही उपाय?
(एक निवृत्त शिक्षक, पंढरपूर)

उत्तर : सर, उपाय आहे आणि कायद्यातही आहे. २०१६ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार दृक्‌श्राव्य माध्यमांतील आशयाला ध्वनिवर्णन (पडद्यावरील दृश्यांचे बोलून केलेले वर्णन), सांकेतिक भाषेतील अनुवाद आणि उपशीर्षके यांची सोय करून देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवरील प्रदर्शनासाठी अशी सोय तयार करण्यास सांगितले, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे काढली. मराठी निर्मात्यांनी यात मागे राहू नये, असे मनापासून वाटते. शहरातील चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला आपण व आपल्या परिचितांनी लेखी विचारणा करावी. मागणी कागदावर आली नाही, तर प्रेक्षकच नाहीत असे कारण पुढे केले जाते.

प्रश्न : मोबाइलवरील चित्रफितींत तोतरे बोलणाऱ्यांची, बुटक्या माणसांची सर्रास नक्कल होते. तक्रार कोठे करायची?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : एखाद्या अपंग व्यक्तीचा लोकांसमोर, अपमान करण्याच्या हेतूने पाणउतारा केला, तर २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमानुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो, त्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी लागते. २०२५ साली स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवर आणि इतर अपंग व्यक्तींवर विनोद करणाऱ्या काही विनोदी कलाकारांना सर्वोच्च न्यायालयाने जाहीर माफी मागायला सांगितले, हेही लक्षात ठेवावे. चित्रपटांच्या बाबतीत परीक्षण मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांतच अपंग व्यक्तींच्या टिंगलीची दृश्ये विनाकारण दाखवू नयेत असे म्हटले आहे. हक्कांचा भंग झाल्यास राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुणे येथे, अर्ज करता येतो. वृत्तपत्रातील मजकुराविषयी तक्रार असेल, तर आधी संपादकांना लिहावे आणि समाधान न झाल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जावे. दैनिक व साप्ताहिकांसाठी ही मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांची असते, म्हणून कात्रण आणि संपादकांना पाठवलेल्या पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून सांभाळून ठेवावी.